दिलेलं करंजाडे

हसणार नाही म्हणत असाल तर सांगतो. खरं तर हसणारच तुम्ही, पण निदान माझा चहा संपेपर्यंत दम धरा. एवढा मोठा गाढवपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही, आणि हा एक केला तोही पडद्यावर, प्रोजेक्टर लावून, सगळ्या संस्थेसमोर!

तेव्हा मी पनवेलच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे काय, दर वर्षी जूनमध्ये नवी टेम्पररी ऑर्डर आणि एप्रिलमध्ये ती संपलेली! असं तिसरं वर्ष चाललं होतं. मी मूळचा बार्शीचा, बायको चिरनेरची, भाड्याचं घर सुकापूरला. बायकोला सातवा महिना लागलेला. ती रोज फक्त एवढंच विचारायची, "हेडसर काय बोलले का?" मी म्हणायचो, "बोलतील." मग दोघंही आपापल्या ताटात बघून जेवायचो.

त्या वर्षी संस्थेने शाळेला दहा कॉम्प्युटर दिले. आणि मला एक कल्पना सुचली. इथेच माझं नशीब फिरलं.

माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर एक गेम होता. तुम्ही राजा. सुरुवातीला दगडी हत्यारं आणि चार झोपड्या. मग आळीपाळीने खेळायचं, आधी तुमची चाल, मग शेजारच्या राजांची, तेही कॉम्प्युटरच चालवतो. हळूहळू शेती, चाक, छापखाना, वीज करत करत पुढे जायचं. जिंकायचे रस्ते बरेच. लढून सगळ्यांना चिरडा, नाहीतर सगळ्यांच्या आधी अंतराळयान सोडा. मी पडलो विज्ञानाचा मास्तर! मी हेडसरांना म्हटलं, "सर, मुलांना दाखवू या की जग लढाईने नाही, विज्ञानाने जिंकता येतं. विश्वस्तांना पण बोलवा."

हेडसरांनी टाचणीने कान कोरत विचार केला आणि म्हणाले, "नामदेवशेठना बोलावतो. तुमच्या ऑर्डरचं त्यांच्याच हातात आहे. बघा बुवा, नीट करा."

झालं! त्या 'नीट करा'ने माझी झोप उडाली.

दोन आठवडे रविवारी दुपारी बसून मी तयारी केली. नवशिक्यांसाठी इंटरनेटवर जेवढं ज्ञान होतं तेवढं सगळं पचवलं. नदीकाठी शहर वसवा. आधी ग्रंथालय, मग विद्यापीठ. शेजाऱ्यांशी गोड बोला. सैन्यावर वेळ घालवू नका, तोच वेळ प्रयोगशाळेला द्या. आणि शेवटचा सल्ला, जो मी वहीत लाल शाईने लिहून ठेवला होता: यान पूर्ण होत आलं की कडेचं एखादं शहर शेजाऱ्याला देऊन टाकलं तरी चालतं, तेवढीच शांतता मिळते.

शहरांना गेमने परदेशी नावं दिली होती. मी म्हटलं, आपल्या लोकांना जवळचं वाटायला हवं. राजधानी पनवेल. नदीवर सुकापूर. समुद्राकडे चिरनेर. आणि पार कडेला, शेजारच्या राजाच्या हद्दीला लागून, करंजाडे.

बायको शेजारी बसून कोळंबी सोलत बघत होती. म्हणाली, "चिरनेरला भिंत नाय बांधलीत?"

"गरज नाही गं. आपण विज्ञानाने जिंकणार आहोत."

"माझ्या बाबांचं गाव हाय ते. उघड्यावर टाकणार?"

आता सातव्या महिन्यातल्या बाईशी कोण वाद घालणार? बांधली भिंत. मग म्हणाली, "नुसती भिंत काय कामाची?" तेव्हा पाच तोफाही ठेवल्या. माझ्या अख्ख्या राज्यात तेवढंच सैन्य. बाकी ठिकाणी एकेक दांडकेवाला पहारेकरी.

यान पूर्ण व्हायला बरोबर दहा चाली उरल्या तिथे मी खेळ थांबवला आणि त्याची फाइल शाळेत नेली. शाळेत दहा चाली खेळायच्या, यान सोडायचं, टाळ्या घ्यायच्या. साधा हिशेब!

शनिवारी सकाळची शाळा सुटली. नववीची मुलं खाली सतरंजीवर, पुढे खुर्च्यांवर हेडसर आणि नामदेवशेठ. शेठ म्हणजे पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. त्यांच्याबरोबर त्यांच्या गावची दोन वडीलधारी माणसं. शेठचं गाव कुठलं, हे मला माहीत असायला हवं होतं की नाही? तीन वर्षं त्या संस्थेत होतो हो मी! पण नाही विचारलं कधी. मला वाटायचं, शेठ म्हणजे पनवेलचेच.

मी बोलायला सुरुवात केली. आधी जरा अडखळलो, पण विज्ञान, ग्रंथालय, प्रगती असं करत लागला सूर. पहिली चाल छान झाली. दुसरी पण. शेठनी मान डोलावली. मला डोळ्यांसमोर पर्मनंट ऑर्डर दिसायला लागली.

तिसऱ्या चालीला शेजारचा मिशीवाला राजा पडद्यावर उगवला. तुझी जमीन मला आवडली आहे, म्हणाला. आणि करंजाड्याच्या सीमेवर त्याच्या फौजा! मोजता येईनात एवढ्या!

माउस निसटायला लागला. पण वहीतली लाल शाई आठवली. मी मुलांकडे वळलो आणि ऐटीत म्हणालो, "घाबरायचं नाही. हे कडेचं शहर आहे. त्याचं विशेष काही नसतं. हे आपण देऊन टाकू या."

आणि दिलं. एक क्लिक, बस्स. मिशीवाला खूश, फौजा मागे.

पुढच्या खुर्च्यांवरच्या माना एकदम ताठ झाल्या. मला वाटलं, प्रभावित झालेत.

"मास्तर," नामदेवशेठ हळू आवाजात म्हणाले, "आता काय दिलात तुमी?"

"काही नाही शेठ, एक छोटंसं शहर."

"कंचा?"

"करंजाडे."

हेडसरांनी डोळे मिटून घेतले. शेठबरोबरच्या दोघांतले एक म्हातारे खुर्चीतून उठले. "करंजाडं? आमचा गाव दिला? कोनाला इचारून दिला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पडला म्हणजे काय, वीजच पडली! बायकोचा चेहरा आठवला, येणारं बाळ आठवलं, घरमालक आठवला.

"अहो, हा खेळ आहे," मी म्हटलं.

"खेलच हाय," शेठ म्हणाले. "आमच्या जमिनी नव्या शहराला गेल्या तवा बी कुनीतरी असाच टेबलाव बसून म्हनला आसंल, कडंचा हाय, द्या."

मी अक्षरशः हात जोडले. "शेठ, थांबा, मी जुनी फाइल उघडतो. मागच्या चालीपासून पुन्हा सुरू करतो. काही झालंच नाही असं होईल."

"नाय!" म्हातारे कडाडले. "फायली उघडून गाव परत मिलतो का? आमी काय कमी फायली बघितल्या? दिलाय तर लढून घे!"

"लढायला सैन्य नाही हो आपल्याकडे!" मी रडकुंडीला आलो. "आपण विज्ञानाने..."

"सर," हेडसर माझ्या कानाशी कुजबुजले, "विज्ञान राहू द्या. करंजाडे घ्या."

मग काय, बंद केलं यान! कारखान्यांना सांगितलं, तोफा करा. पण तोफा व्हायला पाच चाली लागणार होत्या. तोवर म्हातारे पडद्याला नाक लावून उभे. सगळी मुलं उठून त्यांच्या मागे. नकाशावर त्यांचं बोट फिरत होतं, आणि ते एका जागी थांबलं.

"हा बघ की, हितं लष्कर हाय! पाच तोफा! आन् गावाला भिंत बी!"

मी माउस झटकन दुसरीकडे नेला.

"कंचा गाव ह्यो?" शेठनी विचारलं.

"चिरनेर," मी म्हटलं, आणि घाईघाईने पुढे जोडलं, "हुतात्म्यांचं गाव आहे ना शेठ! जंगल सत्याग्रह! मान म्हणून मुद्दाम बंदोबस्त ठेवला!"

शेठचा चेहरा जरा निवळला. म्हाताऱ्यांनी तर हात जोडून कपाळाला लावले. मी सुटलो म्हणणार, तेवढ्यात हेडसर, ज्यांना गप्प बसायला कुणी पगार वाढवून द्यायला हवा होता, म्हणाले, "चिरनेर म्हणजे सरांची सासुरवाडी. लग्नाला गेलो होतो आम्ही. जेवण फार छान होतं."

मुलं खो खो हसली. शेठ हसले नाहीत.

"असां," ते म्हणाले. "सासुरवाडीला तटबंदी, आन् आमचा करंजाडं वाऱ्याव."

पुढच्या चार चाली मी कशा खेळलो ते मला आजही नीट आठवत नाही. चिरनेरच्या तोफा निघाल्या. म्हातारे हुकूम सोडत होते, "डोंगराच्या मागून जा! अरं, मागून!" नववीतली पोरं ओरडत होती. मिशीवाल्याशी केलेला तह मी मोडला, लाज सोडली, आणि सातव्या चालीला करंजाडे परत घेतलं. वर्गात शिट्ट्या! म्हाताऱ्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही सांगत. आणि त्या क्षणी, इतक्या घाबरलेल्या अवस्थेतही, मला पहिल्यांदा स्वतःची खरीखुरी लाज वाटली.

त्याच चालीत मिशीवाल्याने समुद्राकडून येऊन पनवेल घेतलं. राजधानी! अर्धवट यानासकट!

"पनवेल गेलं हो," हेडसर एकटेच म्हणाले. ते जन्माने पनवेलचे.

"जाऊं दे," शेठ उठत म्हणाले. "पनवेलवाले बघतील त्यांचा ते." आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

पुढचे सात आठवडे मी कसे काढले, विचारू नका. सुट्टी लागेपर्यंत शिपाई कागद घेऊन दिसला की मी प्रयोगशाळेत जाऊन बसायचो. बायकोला मी काही सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडाने सांगणार? चिरनेरच्या तोफा काढून नेल्या म्हणून?

जूनच्या पहिल्या आठवड्यात लिफाफा आला. मी तो नुसताच उलटसुलट करत बसलो, शेवटी बायकोनेच तो फोडला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. ऑर्डर पर्मनंटची होती! मी मटकन खाली बसलो. तिने मग सगळा मजकूर वाचून दाखवला. नेमणूक: संस्थेची करंजाडे येथील नवी शाळा. विज्ञान शिक्षकाची जागा तिथे भरलेली होती, त्यामुळे तूर्त अध्यापन नाही. काम: शाळेला कुंपण नसल्यामुळे, विश्वस्त नामदेवशेठ यांच्या सूचनेनुसार, चारही बाजूंनी भिंत बांधून घेणे.

बायकोने लगेच चिरनेरला फोन लावला. मी तिथेच, जमिनीवरच बसून ऐकत होतो.

"बाबा, ह्यांची ऑर्डर आली! हो, पर्मनंट! नाय, सायन्सला नाय." तिने माझ्याकडे पाहिलं. "भिंत बांधायला. तेवढं येतं त्यांना, आपल्या गावाला बांधलीय ना!"