एक लांब, तीन आखूड

सोपानभाऊ गेल्याचं मला तळेगावात भाजी घेताना फोनवर कळलं. कुरवंड्यात, त्यांच्या घरासमोरच्याच रस्त्यावर, सहलीची एक मिनीबस मागे येत होती. भाऊ पाठमोरे उभे होते... पुढचं मी ऐकलंच नाही. भाजीवाल्या मावशींनी मला पोत्यावर बसवून पाणी दिलं.

कारखान्यातल्या सर्व्हरच्या खोलीत आम्ही बारा वर्षं एकत्र काम केलं. खोली थंडगार, आणि पंख्यांचा आवाज असा की शेजारच्याशीही ओरडून बोलावं. मी पदवी मिरवत आलेली, भाऊ मूळचे वायरमन. सर्व्हरमध्ये बिघाड असला की तो सुरू होताना पीं पीं करतो, दिवे लावतो. त्यावरून दुखणं ओळखायचं. भाऊंचा नियम होता, बटण दाबण्याआधी नारिंगी दिवे कागदावर उतरवायचे आणि दाबल्यावर कुणी हूं की चूं करायचं नाही. आमच्या सर्व्हरवर एक लांब, तीन आखूड म्हणजे मेमरी. मग ते तिची पट्टी काढून खोडरबराने पुसत, ‘लय लाडावलंय’ म्हणत परत बसवत. मी पुस्तिका चाळेपर्यंत यंत्र सुरू झालेलं असे. सुरुवातीला माझा नुसता जळफळाट व्हायचा.

चार वर्षांपूर्वी एकदा सर्व्हर चांगला खणखणीत वाजला आणि भाऊंनी मला विचारलं, वाजला का? मी हसले. मला वाटलं, फिरकी घेतायत. मग त्यांचा चेहरा पाहिला. माणसांचं बोलणं त्यांना बऱ्यापैकी कळायचं. बारीक, टोकदार आवाज तेवढे गेले होते. मी एक बोट वर धरलं, मग तीन. त्यांनी मान डोलावली आणि साहेबांना सांगितलं, मेमरी.

तेव्हापासून तीच रीत पडली. ते दिवे बघत, मग माझा हात. कुणाला संशय आला नाही, कारण त्या गोंगाटात सगळेच खुणांनी बोलायचे. कानाचं यंत्र घ्या म्हणून मी मागे लागले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘ते लावलं की हितून हलवतील मला, ताई. गेटवर बसवतील. कुनाला बोलू नको.’

मी नाही बोलले. वर्षातून एकदा कारखान्यात कानांची तपासणी व्हायची. भाऊ लोणावळ्याच्या गोदामात गेलेत, असं मी नर्सबाईंना तीन वर्षं सांगितलं. वाटायचं, आपण त्यांचा मान राखतोय. खरं तर मलाच ते त्या खोलीत हवे होते. त्यांच्याशिवाय मला भीती वाटायची.

तेराव्याला कुरवंड्याला गेले. वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या.

‘गाडी मागं येताना पीं पीं करत व्हती,’ त्या म्हणाल्या. ‘मला आत चुलीपाशी ऐकू आलं. ह्यांनाच कसं न्हाई आलं, ताई?’

लक्ष नसेल, मी म्हणाले.

लक्ष नसेल... ज्या माणसाचं लक्ष कधी ढळलं नाही, त्याच्याबद्दल मी हे बोलले, त्याच्याच घरात, त्याच्या फोटोसमोर. हे छापून येण्याआधी मी कुरवंड्याला जाणार आहे. वहिनींना हे पेपरातून कळलं, तर मग मी कुठली त्यांची ताई?

गेल्या सोमवारी सर्व्हर पुन्हा बंद पडला. मी दिवे कागदावर उतरवले आणि बटण दाबलं. एक लांब, तीन आखूड. खोलीत मी एकटीच होते, तरी भाऊ उभे राहायचे त्या कोपऱ्याकडे वळून माझी तीन बोटं वर गेली. ते मान डोलावेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही, ही सवय. यंत्र थांबून थांबून वाजतच होतं, आणि मी हात तसाच धरून उभी होते.