मराठी लेबलांचं गोदाम

गावच्या एसटी थांब्यावर अब्बांनी माझी यादी दोनदा तपासली: पासपोर्ट, व्हिसा, मसाला, सुके सोडे. "यादीत नाही ते आठवत बसू नकोस," म्हणाले आणि वळून चालू लागले. मी ते पाळलं. सौदीतल्या रास तनुराच्या गोदामात बावीस वर्षं काढली ती त्याच जोरावर.

गोदाम रिफायनरीच्या एका कंत्राटदाराचं. व्हॉल्व्ह, पंप, गॅस्केट, बराचसा माल इटलीचा. इंजिनीअर मार्कोही तिकडचाच, पोलादावर जगणाऱ्या तेर्नी शहराचा. त्याचे वडील आठवडाभर भट्टीवर आणि रविवारी कामगारांच्या बँडमध्ये. तिथला धबधबासुद्धा वेळापत्रकावर: एरवी पाणी वीजनिर्मितीला, फक्त ठरलेल्या तासांना बघणाऱ्यांसाठी सोडलेलं. आमच्या कॅम्पात पाळी सुटली की कपडे धुवायची रांग आणि एक टेबल टेनिसचं टेबल. त्याची जाळी मीच तीनदा मागवली. घर मात्र त्या धबधब्यासारखंच, दोन वर्षांतून चाळीस दिवस.

मग सौदीकरण आलं. तीन महिन्यांत सौदी माणसाला ताबा द्यायचा, मग माझा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, खलास. फहद आला. वेळेवर यायचा, नावं ठेवायलाही जागा नाही. तेव्हा माझी चूक उघडी पडली. हाताखाली सगळे रत्नागिरीचे, म्हणून कप्प्यांवरची लेबलं मी मराठीत लिहिली होती. फहद म्हणाला, "उस्ताद, हे गोदाम नाही, तुमची डायरी आहे."

खोलीतल्या इब्राहिमभाईंनी सल्ला दिला, "लेबलं तशीच ठेव. तुझ्याशिवाय त्यांना वॉशर सापडायचा नाही. झक मारत ठेवून घेतील."

दोन दिवस मी लेबलांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पंप बंद पडला आणि एका गॅस्केटसाठी फहदने अकरा कप्पे उपसले. नोकरी वाचत होती, पण तो पसारा मला बघवेना. सगळी लेबलं इंग्रजीत केली, खाली त्याने अरबी लिहिलं. मार्कोने ताबापत्रावर सही केली.

कायमचा घरी आलो तर चहाच्या डब्यात रवा, पोह्यांच्या डब्यात साखर. वैतागून डब्यांवर लेबलं चिकटवली. संध्याकाळपर्यंत बायकोने, मेहरूनने, ती सगळी सोलून काढली होती.

"बावीस वर्षं मला कळतंय कुठे काय आहे," ती म्हणाली. "तुम्ही विचारत जा."

तिकडे असलेल्यांनो, परतीच्या यादीत एवढं लिहून ठेवा: घर लावलेलंच असतं, फक्त ते आपण लावलेलं नसतं. फहद तीन महिन्यांत शिकला. मी अजून साखर विचारून घेतो.