डोंगरातला दुधाचा दात

अगं ब्रशमावशे, तुझ्याबद्दल चार ओळी लिहून द्या अशी मागणी आली आहे. तू त्या वाचणार नाहीस, "चष्मा सापडत नाही" म्हणून टाळशील, तेव्हा मी खरं तेच लिहिणार आहे. तू हट्टी आहेस. स्वच्छतेचं तर तुला वेडच आहे, आणि त्यापायी एकदा तू आम्हा सगळ्यांना गोत्यात आणलंस.

तर ही मावशी डोंगरातल्या गुहेच्या खोदकामावर सापडलेल्या वस्तू धुण्याचं काम करते. नोंदी माझ्याकडे, धुणं तिच्याकडे. शेडच्या दाराशी दोन टब, जुना टूथब्रश आणि वाळवायला जाळीचे ट्रे, एवढं तिचं राज्य. प्रत्येक ट्रेला चिठ्ठी असते, वस्तू कुठल्या खड्ड्यातली, कुठल्या थरातली. चिठ्ठी हरवली की वस्तू बेवारशी, हे तिला एकदा सांगितलं आणि पुरलं. त्याआधी तीस वर्षं तिने दवाखान्याच्या फरश्या पुसल्या होत्या. डाग म्हणून तिला बघवत नाही.

पहिल्याच महिन्यात एक मोठा खोलगट दगड आला. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'धुवू नये'. मावशीने चिठ्ठी नीट जपून बाजूला ठेवली आणि दगड लख्ख घासून काढला.

खोदकामाचे प्रमुख, आमचे साहेब, तो बघून मटकन स्टुलावर बसले. "मावशी, याच्या भेगांत हजारो वर्षांपूर्वीचं पीठ होतं हो!"

"तेच म्हणते मी! इतकी वर्षं कुणी धुतलाच नव्हता?"

सगळे हसले, पण पुढे तिला ते फार लागलं. कारण गाडं तिथेच अडलं होतं. गुहेत माणसं संसार थाटून राहत होती, की शिकारी एखादी रात्र टेकून पुढे जात होते? राख, हाडं, दगडाची पाती यांचा अर्थ दोन्हीकडून लावता येत होता. दळणाचा पुरावा मिळता तर वस्ती सिद्ध झाली असती, आणि तो मावशीने टबात सोडला होता. वस्ती नाही, तर वरची कचेरी हंगामाअखेर काम बंद करणार होती.

"बाई," ती मला म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा बसून करायचं काम मिळालं, आणि ते मीच बुडवलं."

शेवटच्या महिन्यात 'प्राण्यांचे दात' अशा चिठ्ठीचा ट्रे आला. एकेक दात घासता घासता ती थांबली. मण्याएवढा एक दात तळहातावर घेऊन, या खेपेला घासायच्या आधी, ती तडक साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"हा प्राण्याचा नाही."

"कशावरून?"

"चार पोरांचे नि सात नातवंडांचे या हातांत पडलेत. पुढचा दुधाचा दात आहे हा. मूळ बघा, झिजून गेलंय. म्हणजे हलून हलून आपसूक पडला. सहा-सात वर्षांचं पोर असणार, चांगलं धडधाकट."

साहेब भिंगातून बघतच राहिले.

"आणि मला सांगा, शिकारीला एवढं पोर कोण नेतं? आमचे हे तर बाजारातसुद्धा न्यायचे नाहीत. पोर आलं तिथे आई आली, आणि आई आली की चूल."

दातांच्या तज्ज्ञाने आठवड्याभरात तेच कळवलं, फक्त त्याला चार पानं लागली. मग साहेबांनी सगळी माती पुन्हा बारीक चाळणीतून काढायला लावली. खालच्या थरात आणखी दोन दुधाचे दात निघाले. म्हणजे एकच घर नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या होत्या. कामाला तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली, आणि मावशी टबापाशी परत अशी ऐटीत बसली की जणू ते पोर तिनेच वाढवलं होतं.

दात गेला शहरातल्या संग्रहालयात, काचेच्या पेटीत. तेव्हापासून तिचं एकच मागणं. "बाई, एकदा मला घेऊन चला. कसा ठेवलाय ते बघते. काचेवर बोटांचे डाग असणार, लिहून देते."

मी हो म्हटलं. बसने चार तासांचा तर रस्ता. आधी तिचे गुडघे आडवे आले, मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग तिच्या नातीचं बाळंतपण. अखेर गुरुवार ठरला, तर संग्रहालय नेमकं गुरुवारी बंद असतं. दुसरा वार अजून ठरायचा आहे.