डाळिंबी साडीचा गॅमा

बायकोचा साड्यांचा उद्योग आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमधल्या मधल्या खोलीतून चालतो. ती विणकरांकडून साड्या आणते आणि फोनवर त्यांचे व्हिडिओ काढते. मी प्रत्येक व्हिडिओ संगणकावर घेतो, सुरुवातीचं "दिसतंय का" कापतो, कोपऱ्यात साडीचा क्रमांक टाकतो आणि नवी फाइल तिच्या फोनवर पाठवतो. परगावच्या बायका तो पाहून साडी ठरवतात. क्रमांकाची कल्पना माझी. त्याआधी ती गिऱ्हाइकांना "ती परवाची हिरवी" असं सांगायची आणि त्यांना ते कळायचंही, हे मला अजून पटलेलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर तीन साड्या परत आल्या, तिन्ही रंगामुळे. तिसरी डाळिंबी. ती नाशिकच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी परत केली आणि फोनही केला.

"आपल्या व्हिडिओत ती चांगली गडद होती. मी माझं वय पाहून घेतली. आली ती नवरीची."

बायकोने माफी मागून फोन ठेवला आणि मला म्हणाली, "त्यांच्या अकराजणींच्या ग्रुपला एकसारख्या साड्या घ्यायच्यात. एक शेवटचा व्हिडिओ पाठवा म्हणाल्या. त्यातही रंग चुकला, तर मी हे बंद करणार. लोकांना फसवल्यासारखं वाटतं हो."

एकदा चकल्या मऊ पडल्या म्हणून तिने फराळाच्या ऑर्डरी कायमच्या बंद केल्या आहेत. तेव्हा ही धमकी नव्हती, सूचना होती.

वास्तविक, रंगाची काळजी मी आधीपासून घेत होतो. संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये साडी बरोबर दिसायची, पण फाइल बाहेर काढून संगणकाच्या प्लेअरमध्ये लावली की चार वेळा धुतल्यासारखी फिकट. म्हणून मी प्रत्येक व्हिडिओ बाहेर काढण्याआधी अठरा टक्के गडद करत असे. हा आकडा मी नऊ चाचण्या घेऊन ठरवला होता. त्यामुळे माझ्यावर संशय घ्यायला जागाच नव्हती. मी आधी ट्यूबलाइट बदलली, मग पडदा बदलला, मग फोनची लेन्स पुसली.

शेवटी नारायण पेठेतल्या रंगाच्या दुकानात शेड कार्ड मागायला गेलो. साडीशेजारी ठरावीक रंगाची पट्टी धरली, तर चूक आकड्यात पकडता येईल असा हिशेब होता.

"कुठली खोली?" दुकानदारांनी विचारलं.

"खोली नाही. साडी."

"मग आधी प्रायमर मारून घ्या," ते म्हणाले आणि वर न बघता कार्ड पुढे सरकवलं. मी दोन मागितली. "दुसरं ब्लाउजला का?"

घरी येऊन साडीशेजारी राखाडी पट्टी धरून व्हिडिओ काढला. संगणकात काळा म्हणजे शून्य आणि पांढरा म्हणजे दोनशे पंचावन्न. पट्टी एकशे अठरा भरली. काही न बदलता फाइल बाहेर काढली आणि त्याच प्रोग्रॅममध्ये परत उघडून मोजली. एकशे अठरा. तीच फाइल प्लेअरमध्ये मात्र फिकट. मग माझे अठरा टक्के देऊन मोजली. सत्त्याण्णव.

मी खुर्चीत जरा मागे टेकलो. गॅमा म्हणजे जिन्याच्या मधल्या पायऱ्या. तळमजला आणि गच्ची जागेवरच असतात, मधल्या पायऱ्या किती उंचीवर बसवायच्या ते गॅमा ठरवतो. फाइलमध्ये त्याची एक नोंद असते आणि माझा प्लेअर ती नोंद आपल्या पद्धतीने वाचून पायऱ्या वर चढवत होता. फाइल निर्दोष होती. प्लेअरचं दुखणं मी फाइलला औषध देऊन बरं करत होतो, आणि ते औषध नाशिकपर्यंत पोचत होतं.

बायकोला सांगितलं.

"म्हणजे साड्या बरोबर होत्या," ती म्हणाली.

"हो."

"माझा व्हिडिओही बरोबर होता."

"हो."

"आणि मधे तुम्ही."

मी प्लेअर बंद केला.

"बाईंना फोन तुम्ही करा."

केला. जिन्याचं उदाहरण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"थोडक्यात, मी पसंत केलेली साडी अस्तित्वातच नाही."

"नाही, बाई."

"एवढंच सांगायचं. जिना कशाला चढवलात?"

दुसरं शेड कार्ड मी त्यांना कुरियरने पाठवलं. मग डाळिंबीचा नवा व्हिडिओ पाठवला, शेजारी पट्टी धरून, टक्का न लावता. कार्ड फोनच्या पडद्याशेजारी धरून पट्टी जुळते का पाहा, अशी सूचना लिहिली, पडद्याचा उजेड किती ठेवायचा तेही लिहिलं. तीन दिवस उत्तर नाही. बायकोने त्या तीन दिवसांत नवीन माल मागवला नाही. विणकराचा फोन आला, तेव्हा "पुढच्या आठवड्यात सांगते" म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर ठेवला.

"पट्टी जुळली. अकराजणींच्या फोनवर लावून पाहिली, नऊ फोनवर तंतोतंत. डाळिंबी तीच, जी मी तुम्हाला परत केली. रंग अगदी खरा आहे आणि आम्हाला कोणालाच आवडला नाही."

ऑर्डर हातची गेली असं समजून मी बायकोकडे पाहिलं, तर ती चक्क हसत होती.

"फारच छान झालं, बाई," ती म्हणाली. "मोरपंखी दाखवू?"

"दाखवा की. आता विश्वास बसला."

फोन ठेवताच तिने विणकराला निरोप पाठवला आणि मोरपंखी साडी घेऊन बाल्कनीत गेली. ऊन सरकायच्या आत व्हिडिओ काढायचा होता, म्हणून पदराचं दुसरं टोक धरायला ती मला हाका मारत होती.