बाबांनी तपासलेली रायफल

वहिनीच्या बाळंतपणासाठी आई हैदराबादला गेली होती, म्हणून त्या उन्हाळ्यात बाबा एकटेच ल्यूकनला माझ्याकडे आले. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या आठवड्यात तेल घालायला काही उरलं नाही.

शेजारी एक निवृत्त आयरिश बसचालक राहतात. बाबा आणि ते कुंपणावरून हवेबद्दल बोलत. एकमेकांचं इंग्रजी दोघांनाही निम्मंच कळे, पण हवेबद्दल मतभेद होण्यासारखं काही नसे.

एका शनिवारी शेजारी माझ्याकडे काम घेऊन आले. त्यांच्या बैठकीत फायरप्लेसच्या वर एक जुनी लष्करी रायफल टांगलेली होती. शेजाऱ्यांच्या आजोबांनी ती इंग्रजांविरुद्धच्या आयरिश लढ्यात वापरली, असं त्यांचे वडील सांगत. दस्त्यावर आजोबांची आद्याक्षरंही कोरलेली होती. आता त्यांना ती गावाकडच्या छोट्या संग्रहालयाला द्यायची होती, आणि संग्रहालयाच्या बाईंनी नम्रपणे पुरावा मागितला होता.

"तू कामावर नंबर शोधतेस ना?" त्यांनी विचारलं.

मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. कुठला भाग कुठून आला, कोणी तपासला, हे मी शोधून काढते. "मी कॅथेटरच्या नळ्यांचे नंबर शोधते," मी म्हटलं.

"ग्रँड, चालेल. नंबर म्हणजे नंबर."

बाबांना दुसरं काही काम नव्हतं, म्हणून तेही आले.

शेजाऱ्यांनी आधी रायफल निकामी केल्याचा दाखला आणि पोलिसांची परवानगी टेबलावर ठेवली, मग रायफल. मी फोनवर माहिती शोधू लागले. बाबांनी एक टॉर्च, एक सुती फडकं आणि जुनं वर्तमानपत्र मागितलं. रायफल वर्तमानपत्रावर आडवी ठेवली आणि दोन मिनिटं हात न लावता नुसती पाहिली. मग मला म्हणाले, "फोन ठेव. लिहून घे."

ते नंबर वाचत गेले. नळीवर, तिच्यामागच्या पोलादी भागावर, नेम धरायच्या पट्टीवर, नळीच्या टोकाच्या टोपीवर. चारही ठिकाणी एकच नंबर होता, गोळी आत सारणाऱ्या बोल्टवर मात्र वेगळा. "बोल्ट दुसऱ्या रायफलीचा हाय," बाबा म्हणाले. बोल्ट वेल्डिंगनं जाम केलेला होता. त्यावरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला.

मी त्यांच्याकडे बघत होते. बाबा विदर्भातल्या एका शस्त्रास्त्र कारखान्यात नोकरीला होते, एवढं मला माहीत होतं. शाळेच्या फॉर्मवर मी 'सरकारी नोकरी' लिहायचे. "तुम्हाला हे कसं येतं?" मी विचारलं.

"पोलिसायच्या जुन्या रायफली दुरुस्त होऊन येत. चार वर्सं मी त्याच तपासत होतो."

"कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलंच नाई."

त्यांनी गोळ्यांच्या मॅगझिनच्या पुढे लाकडात आडवा गेलेला एक स्क्रू दाखवला. "हे पाह्य. लाकूड फाटू नये म्हणून हा घालत. आपल्याकडंच घालत." मग दस्त्याजवळच्या पोलादावरचा काळा मळ फडक्यानं चोळून काढला. खाली मुकुटाचा ठसा होता, बंगालमधल्या कारखान्याचं नाव होतं आणि साल होतं. शेवटी टॉर्च आडवा धरून आद्याक्षरं पाहिली. बाकी लाकूड तेलानं काळं पडलेलं, अक्षरांच्या आत मात्र फिकट होतं, आणि वरच्या वॉर्निशचे कडेनं टवके उडालेले होते. वॉर्निश आधी होतं, कोरणं नंतरचं.

"आजोबा कधी गेले, विचार," बाबा म्हणाले.

मी विचारलं. रायफल तयार झाली तेव्हा आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

मी बाबांना मराठीत म्हटलं, "आज नको. नंतर सांगू हळूच."

"काहून? रायफल अस्सल हाय. गोष्ट खोटी हाय. दोन्ही सांग."

मी दोन्ही सांगितलं. शेजाऱ्यांनी सालावर बोट ठेवलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग उठून चहा करायला गेले. चहा आणलाच नाही. परत येऊन म्हणाले, "मोठ्या बहिणीला विचारायला हवं."

त्यांची बहीण ब्युमॉन्टला राहते. पुढच्या रविवारी मी दोघांना गाडीत घातलं. बाई ऐंशीच्या पुढच्या, पण खणखणीत. प्रश्न ऐकून त्यांना आश्चर्य वाटलं ते एवढंच, की तो विचारावा लागला.

"ती रायफल? ती डॅडींनी लिलावात घेतली. टोप्या अडकवायच्या स्टँडबरोबर आली. आपल्या पबमध्ये लावायला."

"आणि अक्षरं?"

"स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोरली. मी दिवा धरला होता."

"मला का नाही सांगितलं?"

"तू सहा वर्षांचा होतास. शाळेत सगळ्यांना सांगून आला होतास. मग राहून गेलं."

"साठ वर्षं?"

"राहून गेलं," बाई म्हणाल्या, आणि बाबांना आणखी एक बिस्कीट दिलं.

शेजाऱ्यांनी विचारलं, "मग आजोबांनी लढ्यात केलं काय?"

"सायकलवरून चिठ्ठ्या पोचवायचे. एकदा सैनिकांनी अडवलं तर चिठ्ठी गिळून टाकली. मार खाल्ला, बोलले नाहीत. डॅडींना ते कमी वाटायचं. गिळलेली चिठ्ठी भिंतीवर काय लावणार?"

परतताना मोटरवेवर आल्यावर मागच्या सीटवरून बाबा सावकाश इंग्रजीत म्हणाले, "कोरडा कागद गिळणं फार अवघड."

माझ्या बाजूच्या सीटवर शेजाऱ्यांचे खांदे हलायला लागले. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं होतं. हसताहेत की रडताहेत ते कळेना, म्हणून मी गाडीचा वेग कमी केला आणि डाव्या लेनमध्ये राहिले.

बाबांनी दोन दिवस बसून तपासणीचा अहवाल लिहिला. हातानं, पट्टीनं रेघा मारून, मोठ्या इंग्रजी अक्षरांत. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: अस्सल. बोल्ट बदललेला. अक्षरं नंतरची. सदर आजोबांशी संबंध नाही. शेजाऱ्यांनी त्याची प्रत संग्रहालयाला पाठवली आणि सोबत बहिणीनं सांगितलेलंही कळवलं. संग्रहालयाच्या बाईंचं उत्तर आलं. रायफल नको होती, पण चिठ्ठीची हकिकत ध्वनिमुद्रित करायला त्या ब्युमॉन्टला येणार होत्या.

त्या आल्या तेव्हा शेजारीही गेले. बहीण सव्वा तास बोलली. त्यात आजोबा वीसेक मिनिटं होते, बाकी वेळ धाकटा भाऊ लहानपणी किती हट्टी होता हे होतं. तेही जपून ठेवलंय म्हणे.

बाबांच्या परतीच्या आधी एका संध्याकाळी मी त्यांना त्या चार वर्षांबद्दल विचारलं. ते दोन तास बोलले. एक गाळा, त्यात तेलाचा वास, हाताखालून जाणाऱ्या रायफली, आणि एकदा चुकून पास केलेली एक, जिची त्यांना अजून आठवण येते. माझा चहा गार झाला. मग त्यांनी विचारलं, "आन् तू? तू काय तपासतेस?"

मी कपाटातून नमुन्याचा कॅथेटर काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, नळी दिव्यासमोर धरली आणि विचारलं, "नंबर कुठं टाकता ह्याच्यावर?"