जागा खाली ठेवली नाही

"ही बाई कोण आहे?" यानने स्क्रीनवरून विचारलं.

मी चष्मा नीट केला. वसमतच्या गोदामात, हळदीच्या पोत्यांसमोर, गळ्यात वंदना राठोडचं आयडी कार्ड घालून एक बाई उभी होती. ती वंदना नव्हती. कार्डावरच्या फोटोशी तिचं साम्य एवढंच, की दोघींच्या डोक्यावर पदर होता.

"मी कविता," तिने कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं. "वंदनाताईची जाऊ. बदली आलेय."

यानला मराठी येत नाही. मला येतं, त्यामुळे माझं डोकं त्याच्या आधी दुखायला लागलं.

यान नेदरलँड्सचा. त्याची कंपनी आमच्याकडची हळद घेऊन युरोपात विकते. मी हिंगोलीत लेबर कन्सल्टंट आहे. परदेशी कंपनीचं इथे ऑफिस नसलं, की तिची माणसं माझ्या फर्मच्या नावावर कामाला लागतात. काम कंपनी सांगते. पगार, पीएफ, कायदेकानून मी बघते. थोडक्यात, हुकूम त्याचा आणि मान माझी.

करार करतानाच मी त्याला म्हटलं होतं, "एकदा येऊन राहा इथे. माणसं कशी काम करतात ते बघा." तो म्हणाला, त्यांचं हँडबुक आहे, देशोदेशी चालतं. आता देशोदेशी चालणाऱ्या हँडबुकापुढे हिंगोलीच्या बाईचं काय चालणार?

वंदनाचं काम जबाबदारीचं. आलेल्या हळदीतला ओलावा मीटरवर मोजायचा आणि त्या लॉटच्या शीटवर सही करायची. ओल राहिली तर बुरशी येते आणि अख्खा माल परत येऊ शकतो. म्हणून सहीला किंमत. आणि ती सही होळीपासून कविता करत होती, वंदनाच्या नावाने.

मी गोदाम सांभाळणाऱ्या युसूफभाईंना फोन लावला. "अहो, मला कळवायचं नाही का?"

"ह्यात काय कळवायचं मॅडम?" त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "बदली दिली ना तिनं. जागा खाली न्हाई ठेवली."

आमच्याकडे हे असंच आहे. सालगड्याला अडचण आली तर तो भावाला धाडतो. स्वयंपाकाची बाई आजारी पडली तर सुनेला पाठवते. न सांगता दांडी मारणारा बेजबाबदार. बदली देऊन जाणारा भला माणूस. हे हँडबुकात कुठून येणार?

यानला हे सगळं सांगितलं, तर त्याचा आवाज मात्र चढला. "दुसऱ्याच्या कार्डावर काम, दुसऱ्याच्या नावाने सही. याला फसवणूक म्हणतात. तिला आजच काढा. पोलिसांत तक्रार द्या."

"असं एका दिवसात काढता येत नाही."

"ती प्रोबेशनवर आहे."

"काम पटलं नाही म्हणून प्रोबेशनवरच्या माणसाला नोटीस देऊन कमी करता येतं. पण फसवणूक केली असा ठपका ठेवायचा, तर आधी चौकशी करावी लागते. तिचं ऐकून घ्यावं लागतं. नाहीतर उद्या ती कोर्टात जाईल आणि कागदोपत्री मालक म्हणून पिंजऱ्यात मी उभी राहीन."

"तिला काढल्याचा मेल मी पाठवला आहे."

"मग मला कशाला विचारताय?"

"विचारत नाही. कळवतोय."

मी फोन ठेवला आणि पाणी प्यायले. दुसरं काही केलं असतं तर तो फोन भिंतीवर गेला असता.

वंदना सेनगावकडच्या तांड्यावर, माहेरी गेली होती. भावाला मुलगा झाला होता आणि होळीला त्याची धुंड होती. वर्षभरात जन्मलेल्या मुलासाठी तांड्यावर हा विधी होतो, आणि आत्या नाही म्हणजे जन्माचा रुसवा. तिने ॲपवर रजा टाकली होती. प्रोबेशनवर रजा नाही, असं म्हणून ॲपने ती फेटाळली. होळीची सुट्टी एकच, तीही ॲमस्टरडॅममध्ये बसून कुणीतरी ठरवलेली.

मी फोन केला तेव्हा तिने मेल फोनवरूनच मराठीत करून वाचला होता.

"मॅडम, मला चोर म्हणून राहिले का ते?"

"वंदनाताई, तुम्ही कार्ड दिलंत. सही करू दिलीत. ते चुकलंच."

"मग काम बंद पाडायचं व्हतं का? गाड्या येऊन राहिल्या व्हत्या मालाच्या. मी कवितेला मीटर शिकवून गेले. घरचं माणूस दिलं, रस्त्यावरचं न्हाई! पोलिस आले ना दारात, तर सासरच्या तांड्यावर मला तोंड दाखवता येणार न्हाई."

मला तिचा राग आला होता, तो तिथेच ओसरला. मग सगळाच्या सगळा यानकडे वळला.

कविताने मोजलेला सगळा माल आम्ही पुन्हा मोजला. एक लॉट ओला निघाला. तो उन्हात पसरावा लागला. बाकीचा ठीक होता. म्हणजे यानची भीती खोटी नव्हती, हे मला मान्य करावं लागलं. नंतर मी रीतसर चौकशी घेतली. वंदनाने सगळं कबूल केलं, लपवण्यासारखं तिला काही वाटतच नव्हतं. मी यानला लिहिलं: लेखी ताकीद द्या, मेल मागे घ्या, पोलिसांचं नाव काढू नका. आणि रजेची अट बदला. त्याने वकिलाला विचारलं. वकिलानेही हेच सांगितलं, माझ्यापेक्षा कितीतरी महाग. मग यानने ऐकलं.

मी आनंदाने वंदनाला फोन केला. "पोलिसांचं मिटलं. सोमवारपासून या कामावर."

"न्हाई मॅडम. जिथं मला चोर म्हणलं, तिथं पाय ठेवायचा न्हाई."

"अहो, मेल मागे घेतलाय."

"शब्द मागं घेता येतो का?"

मी यानला कळवलं, की शिकवून तयार केलेली बाई त्याने एका मेलमध्ये घालवली. जागा रिकामी झाली. भर हंगामात तसं माणूस मिळेना. शेवटी युसूफभाईंनी एक बाई मुलाखतीला बसवली. यान स्क्रीनवर आला, हँडबुकातले प्रश्न विचारायला लागला, आणि मी मराठीत करत गेले.

"या कामाचा आधीचा अनुभव आहे का?"

"व्हय," कविता म्हणाली. "तुमच्याकडंच."

या वेळी कार्डावर फोटो तिचाच आहे. परदेशात माणसं नेमणारे मला विचारतात, आधी काय बघून घ्यायचं? कायदा बघाच. पण त्याआधी एवढं विचारून घ्या, की हे माणूस आलं नाही तर त्याच्या जागी कोण येणार आहे.