दीडनंतरचा धूर

शेलार गावातल्या आमच्या चाळीत तो समोरच्या खोलीत राहतो. उपग्रहाच्या फोटोत भिवंडीत कुठे काही जळताना लाल ठिपका दिसला की स्कूटर काढून तिथे जायचं आणि काय जळतंय ते बघून वरच्या ऑफिसला कळवायचं, ही त्याची ड्युटी. तो आग म्हणतच नाही, ठिपका म्हणतो. निघताना सीटवरची काजळी रुमालाने पुसतो आणि काळी बाजू आत जाईल अशी त्याची घडी घालतो.

एकदा चहाच्या टपरीवर चाळीमागच्या सायझिंगचा बॉयलरवाला त्याला म्हणाला, "भाई, आज कितने बजे?"

सुताला खळ लावायच्या त्या कारखान्यात बॉयलरमध्ये चिंध्या आणि प्लास्टिक जाळतात.

हा मान वर न करता म्हणाला, "सॅटेलाइट डेढ बजे ऊपर से जाएगा. उसके बाद डालना."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"सायझिंगला टाळं लागलं तर अर्धी चाळ घरी बसेल," तो म्हणाला. "मग खायचं काय? सांग ना."

माझा भाऊ तिथेच कामाला आहे.

दुपार कलली की चिमणीतून काळा धूर निघतो आणि त्याच्या आईचा दमा उचल खातो. मग तो सीट पुसतो, आईला मागे बसवतो आणि अंबाडी गावाच्या रस्त्याला लांबवर घेऊन जातो. धूर विरल्यावरच दोघं परततात.

चाळीतल्या बायका म्हणतात, मुलगा असावा तर असा. मी खिडकी लावून घेतो.